दत्तक आणि घरातलं गुपित: सस्पेन्स कादंबरी बांधायची कशी

घरातली गुपितं आणि दत्तक मूल या विषयावरच्या सस्पेन्स कादंबऱ्यांची हस्तलिखितं वाचायला येतात, आणि त्यातली बरीचशी एकाच जागी फसलेली असतात. शेवटून दुसऱ्या प्रकरणात आई हुंदका आवरत म्हणते, "तू आमच्या पोटची नाहीस." इथे वाचक हादरेल अशी लेखकाची खात्री असते. वाचक मात्र जांभई देतो. नायिका घरात कुणासारखीच दिसत नाही, लहानपणीचा एकही फोटो सापडत नाही, आत्या तिच्याकडे बघून उगाच डोळे पुसते. एवढं चाळिसाव्या पानापर्यंत आल्यावर त्याने निकाल लावलेला असतो. पुढची दोनशे पानं तो फक्त बाईला हे कधी कळतंय याची वाट बघत काढतो.

यात चुकतो तो कामाचा क्रम. मूल दत्तक असणं हेच गुपित धरून लिहायला बसलं की हातात एकच पत्ता राहतो, आणि तो शेवटपर्यंत दडवण्यातच सगळी शक्ती जाते. दत्तक घेणं ही रोज घडणारी, सरळ गोष्ट आहे. ती लपवावी लागावी असं काय घडलं, लपवण्यासाठी कुणी काय केलं आणि आजही काय करतंय, यावर कादंबरी उभी राहते. पहिल्या सहा टप्प्यांत कादंबरीचं एकही वाक्य लिहायचं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

## टप्पा १: सत्याची वही

वेगळी वही घ्या आणि खरोखर काय घडलं ते तारीखवार लिहा. पंचनाम्याच्या भाषेत, उपमा नको, संवाद नको, वातावरण नको. लेखभर वापरायला एक काल्पनिक उदाहरण घेऊ.

१० मार्च १९९०: सुधा आणि तिच्या नवऱ्याला मुलगी होते. नाव नंदिता. जन्माची रीतसर नोंद.
१४ जुलै: दवाखान्यात वजन ६.१ किलो.
जुलैचा शेवटचा आठवडा: बाळ दुपारच्या झोपेत दगावतं. मृत्यूची नोंद होत नाही. सुधा ती होऊ देत नाही.
ऑगस्ट: नवरा बदली मागून घेतो. नवं गाव, नवे शेजारी.
सप्टेंबरचा मध्य: नवऱ्याची बहीण मालती आठ आठवड्यांची एक मुलगी घेऊन येते. कागदपत्रं काहीही नाहीत. तिलाही नंदिताच म्हणायला लागतात.

म्हणजे आपल्या नायिकेचा जन्मदाखला अस्सल आहे, फक्त तो तिचा नाही. चौतीस वर्षांनी तिला स्वतःला बाळ होतं, बाळाचं वजन मनासारखं वाढत नाही. डॉक्टर सहज विचारतात, "तुमचं लहानपणी कसं होतं? वजनाचं कार्ड असेल तर आणा." सुधा म्हणते, "ते कधीच हरवलं." कादंबरी इथे सुरू होईल. पण ते नंतर.

वहीत प्रत्येक नोंदीपुढे तीन गोष्टी हव्यात: तेव्हा तिथे कोण हजर होतं, पुरावा काय उरला, आणि त्या माणसाने स्वतःची समजूत कशी घातली. या तिसऱ्या रकान्यात बहुतेकजण "भीतीपोटी" किंवा "समाजाच्या धाकाने" असं लिहून पुढे जातात. ते उत्तर नव्हे. सुधाने मनाशी नेमकं काय म्हटलं? "नोंद केली की ती खरंच गेली." असं बोलतं वाक्य सापडेपर्यंत थांबा.

साल नक्की करायचा कंटाळा करू नका. सालावर कायदा ठरतो, वैद्यकशास्त्र ठरतं, माणसांचा अपराधभावही ठरतो. ब्रिटनमध्ये १९९१ च्या शेवटी आणि अमेरिकेत १९९२ मध्ये, तान्ह्या बाळांना पालथं झोपवू नका, असा सल्ला अधिकृतपणे दिला जाऊ लागला. पालथं झोपणं आणि झोपेतले अचानक मृत्यू यांचा संबंध तोवर पुरता पुढे आला होता. आपलं बाळ गेलं १९९० मध्ये. त्या दुपारी त्याला पालथं कुणी झोपवलं होतं? मालतीने. तेव्हा त्यात कुणालाही काही गैर वाटलं नाही. काही वर्षांनी तिने तो सल्ला कुठेतरी वाचला, आणि त्या दिवसापासून ती दुसरीच बाई झाली. साल २००५ धरलं असतं तर हे सगळं कोसळतं.

तपासा: वहीतली हकिगत कुणाला तरी सरळ क्रमाने, काहीही न दडवता पाच मिनिटांत सांगा. ऐकणाऱ्याने मध्येच प्रश्न विचारला तर पुढे चला. "बरं, मग?" असं म्हणाला तर गुपितच कच्चं आहे, कितीही लपवाछपवी केलीत तरी ते पिकणार नाही.

## टप्पा २: गुपित राखायचं काम कोण करतं ते ठरवा

हस्तलिखितांत गुपित बहुधा माळ्यावरच्या कुलूपबंद पेटीत पडून असतं आणि एक दिवस नायिकेला किल्ली सापडते. प्रत्यक्षात चौतीस वर्षं गुपित टिकतं ते कुणीतरी रोज खपत असतं म्हणून. तेव्हा कामांची यादी करा. शाळेच्या फॉर्मवर जन्मखूण कोण लिहितं? जुन्या गावचं कुणी भेटलं की विषय कोण बदलतं? कार्ड कुणाकडे आहे, आणि ते जाळून का टाकलं नाही? सुधा दरवर्षी जुलैच्या शेवटी चार दिवस डोकं धरून पडते, तेव्हा घरच्यांना काय सांगितलं जातं?

मग प्रत्येकापुढे लिहा, हे काम करून त्याला काय मिळतं आणि त्याचं काय जातं.

या यादीतूनच विरोधी पात्र निघतं. ज्याचं काम नायिकेच्या प्रश्नांमुळे उसवायला लागतं, तोच तिचा प्रतिस्पर्धी. वेगळा खलनायक आणू नका. इथे ती मालती आहे, आणि तिचं नंदितावर निखळ प्रेम आहे. तिच्यासाठी एक उतरंड लिहून काढा. आधी ती कार्ड स्वतःच्या घरी नेऊन ठेवते. मग डॉक्टरांना खोटी माहिती देते. मग नंदिताच्या नवऱ्याला बाजूला घेऊन सांगते, "तिची झोप होत नाहीये रे, काहीबाही बोलते, लक्ष ठेव." मग बाळाला "दोन दिवस माझ्याकडे ठेवते" म्हणते. दर पायरी आधीच्यापेक्षा थोडीच वाईट असावी आणि मालतीला ती उपकारासारखी वाटावी. मानसशास्त्रीय सस्पेन्समधलं 'मानसशास्त्र' ते हेच. ही उतरंड कागदावर नसली की शेवटच्या प्रकरणात हमखास कुणाच्या तरी हातात सुरी येते.

सावधान: सगळ्या कुटुंबाने मिळून गुपित राखलं असं दाखवाल तर त्यांच्यात भांडण असू द्या. चार माणसं चौतीस वर्षं एकाच मताची राहत नाहीत.

## टप्पा ३: कागद, रक्त आणि कायदा

कथा चांगली असून हस्तलिखित पडतं ते बहुतेकदा इथे. एक चुकीचा तपशील जाणत्या वाचकाच्या नजरेला पडला की पुढचं तो विश्वासाने वाचत नाही.

जन्मदाखला. नायिकेला जुना जन्मदाखला सापडतो आणि त्यावर भलत्याच आईवडिलांची नावं असतात, हा प्रसंग इतक्यांदा वाचला आहे की आता दाखला दिसला की पान उलटावंसं वाटतं. रीतसर दत्तकविधान झालं की भारतात दत्तक आईवडिलांच्याच नावाचा दाखला मिळतो. अमेरिकेतल्या राज्यांतही सुधारित दाखला निघतो आणि मूळ नोंद बाजूला ठेवली जाते. म्हणजे रीतसर दत्तक गेलेल्या मुलीचा रोजच्या वापरातला दाखला सहसा काहीच फोडत नाही. दाखला बोलका हवा असेल तर व्यवहार बेकायदा होता किंवा नोंदीत गफलत होती, आणि ती का झाली, हे वहीत आधी यायला हवं.

मूळ नोंद बघण्याचा हक्क देशागणिक वेगळा आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९७५ च्या कायद्याने सज्ञान दत्तक व्यक्तींना मूळ जन्मनोंद बघायची वाट मिळाली. स्कॉटलंडमध्ये ती १९३० पासूनच होती. न्यूयॉर्क राज्यात सज्ञान दत्तक व्यक्तीला मूळ दाखल्याची प्रत मागता येऊ लागली ती थेट जानेवारी २०२० मध्ये. भारतात मुळांचा शोध दत्तक संस्था आणि 'कारा' (दत्तकाचं काम बघणारं केंद्रीय प्राधिकरण) यांच्या मार्फत घेता येतो: अठरा वर्षं पूर्ण झालेली व्यक्ती स्वतः अर्ज करू शकते, त्याआधी आईवडिलांबरोबर. तिसऱ्या माणसाला ही माहिती मिळत नाही, आणि जन्मदात्यांच्या खासगीपणाचा हक्कही राखला जातो. त्यामुळे नायिकेचा पत्रकार मित्र संस्थेत जाऊन दहा मिनिटांत फाइल घेऊन येतो, हे होणार नाही. आणि झालंच, तर संस्थेतल्या कुणीतरी नियम मोडलेला आहे. तो का मोडला, हा तुमच्यासाठी एक फुकटचा प्रसंग आहे, सोडू नका.

दत्तक घ्यायचा कायदा. कथा भारतातली असेल तर कुटुंबाचा धर्म आणि साल दोन्ही बघावं लागतं. १९५६ चा हिंदू दत्तक आणि निर्वाह कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांना लागू आहे. इतरांना २००० च्या बालन्याय कायद्याआधी १८९० च्या कायद्याखाली पालकत्व तेवढं घेता येत असे. म्हणजे १९८० सालच्या ख्रिस्ती कुटुंबात "दत्तकपत्र" सापडलं तर गडबड आहे. १९५६ च्या कायद्यातल्या दोन कलमांवर तर अख्खी प्रकरणं उभी राहतात. एक, मुलगी दत्तक घ्यायची तर घेणाऱ्याला हयात मुलगी असता कामा नये. दोन, वैध दत्तक रद्द करता येत नाही.

पहिलं कलम आपल्या उदाहरणाला लावून बघा. सुधाने मृत्यूची नोंद होऊ दिली नाही, म्हणून कागदोपत्री तिची मुलगी हयात आहे. म्हणून दुसरी मुलगी या कायद्याखाली दत्तक घेता येत नाही. म्हणून कागद झालेच नाहीत. एका आईच्या दुःखाने कायद्याची वाट बंद केली, आणि तिथून पुढे प्रत्येकजण खोटं बोलायला बांधला गेला. "त्यांनी रीतसर दत्तक का नाही घेतलं?" हा प्रश्न पहिल्या सभेत पहिला वाचक विचारणार, त्याचं उत्तर असं घट्ट हवं.

रक्तगट. आईवडील दोघं 'ओ' असतील तर मूल 'ओ'च होणार, असं धरून उलगडा करतात. ठोकताळा बरोबर आहे, पण १९५२ मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी नोंदवलेला 'बॉम्बे' रक्तगट त्याला अपवाद आहे. नेहमीच्या तपासणीत ती व्यक्ती 'ओ' दिसते, तरी तिच्याकडून 'ए' किंवा 'बी' मुलाकडे जाऊ शकतं. अपवाद दुर्मीळ आहे. मात्र रक्तगटावरून शंका घेणाऱ्या पात्राला जाणत्या डॉक्टरने हा अपवाद ऐकवणं, आणि त्यामुळे पन्नास पानं शंका मिटणं, हा फार चांगला चकवा होतो.

डीएनए. चाचणी जन्मदात्यांचं नाव छापून देत नाही. त्याच संग्रहात ज्यांनी नमुना दिला आहे त्यांच्याशी किती जुळतं एवढंच ती सांगते. आई किंवा वडिलांशी ५० टक्के. सावत्र (आई किंवा वडील एकच असलेल्या) भावंडाशी साधारण २५ टक्के. पण आजी, सख्खी मावशी, सख्खी आत्या यांच्याशीही साधारण २५ टक्केच. चुलत-मावस भावंडांशी सुमारे साडेबारा. २५ टक्क्यांचा निकाल हातात घेऊन नायिका "ही माझी बहीण" म्हणून एका घरात शिरते आणि ती बाई तिची मावशी निघते, यात आकडेवारीला कुठेही धक्का लागत नाही.

टाळा: मूत्रपिंड किंवा अस्थिमज्जा जुळत नाही म्हणून दत्तक असल्याचं कळणं. सख्ख्या भावंडांचंही अनेकदा जुळत नाही, आणि वाचकही या वाटेला विटले आहेत.

## टप्पा ४: कुणाला काय माहीत, कधीपासून

मोठ्या कागदावर रकाने पाडा. वर पात्रं, डावीकडे घटना, चौकटीत "कळल्याचं साल". एक जादा ओळ ठेवा: "त्याला खोटं काय माहीत आहे". सुधाला वाटतं बाळ श्वास कोंडून आपोआप गेलं. मालतीला वाटतं नंदिताची जन्मदात्री कधीच वारली. जन्मदात्रीला वाटतं मूल परदेशी गेलं. अर्धवट माहितीची माणसं एकमेकांशी खरं बोलूनही एकमेकांची दिशाभूल करतात, आणि मग लेखकाला त्यांची तोंडं दाबून धरावी लागत नाहीत.

"सांगते नंतर," म्हणून फोन ठेवणारी पात्रं शोधा आणि त्या जागा खोडा. गप्प बसायला त्या क्षणी, त्या खोलीत कारण हवं: दारात जावई उभा आहे, किंवा समोरचीने भलताच प्रश्न विचारला.

## टप्पा ५: निवेदक आणि आठवण

आता आवाज ठरवायचा. प्रथमपुरुषी निवेदन घेतलंत तर नायिकेच्या मनात येणारी गोष्ट वाचकापासून लपवायची नाही. तिला माहीत आहे ते वाचकाला माहीत. तिचा *अर्थ* चुकू शकतो, तो खुशाल चुकवा. "मला जे दिसलं ते मी कुणालाच सांगणार नव्हते" असलं वाक्य टाकून प्रकरण संपवणं ही वाचकाशी लबाडी आहे.

नंदिता रात्र रात्र जागी आहे, नुकती बाळंत झालेली आहे, स्वतःच्या डोक्यावर तिचा विश्वास डळमळलाय. हे नाट्याला पोषक आहे, पण त्याचे नियम ठरवून ठेवा. ती वेळ चुकते, नावं चुकते. लिहिलेला आकडा मात्र कधी चुकत नाही, असं काहीतरी. नियम वाचकाला न सांगता पाळा. नियमच नसेल तर वाचक दहाव्या प्रकरणात प्रत्येक गोष्टीवर शंका घेतो आणि मग त्याला कशाचंच काही वाटेनासं होतं.

आठवणींबाबत दोन गोष्टी पक्क्या धरा. मोठ्या माणसांची पहिली आठवण सरासरी तीन ते साडेतीन वर्षांच्या वयाची असते. तेव्हा आठ आठवड्यांची असताना पाहिलेला जन्मदात्रीचा चेहरा स्वप्नात स्पष्ट दिसणं बाद. दुसरी गोष्ट जास्त कामाची: आठवण घडवता येते. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लोफ्टस आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, लहानपणी तुम्ही बाजारसंकुलात हरवला होतात अशी कधीच न घडलेली गोष्ट, घरच्यांच्या नावावर, लोकांना सांगितली. साधारण चौथ्या हिश्शाच्या लोकांना ती पूर्ण किंवा अर्धवट 'आठवली'. आता मालतीला हे अस्त्र द्या. ती नंदिताला लहानपणापासून सांगत आली आहे: "तुझ्या जन्माच्या रात्री केवढा पाऊस होता, मी होते ना तिथे." नंदिताच्या डोळ्यांसमोर तो पाऊस उभा राहतो. आणि दाखल्यावरची तारीख आहे १० मार्च.

(जुलैत जन्मलेल्या मुलीच्या गोष्टीत पाऊस असणारच. मालतीने एवढीच एक गोष्ट खरी सांगितली आणि तीच कुणाच्या लक्षात आली नाही.)

## टप्पा ६: उघडण्याचा क्रम

सगळे गौप्यस्फोट वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहा आणि जमिनीवर पसरा. उदाहरणाचा क्रम असा लागेल:

१. सुधा कार्डाबद्दल खोटं बोलतेय. (पहिलं प्रकरण)
२. कार्ड सापडतं, आकडे विचित्र आहेत. (एकपंचमांश पुस्तक उलटताना)
३. नंदिता या घरात जन्मलेली नाही. (पहिल्या एकतृतीयांशाच्या शेवटी)
४. तिला आणलं मालतीने. (मध्यावर)
५. आधी एक नंदिता होती. (दोन तृतीयांशावर)
६. त्या दुपारी खोलीत कोण होतं. (शेवट)

तिसरी चिठ्ठी नेमकी कुठे आहे ते परत बघा. दत्तक असल्याचं सत्य वाचकाला *लवकर* देऊन टाका. त्याने ओळखलंच होतं. ते खरं ठरलं की तो निवांत होतो, आणि निवांत वाचकाला पाचवी चिठ्ठी जोरात लागते.

प्रत्येक चिठ्ठीमागे लिहा: हे कळल्यावर वाचक आता कोणता प्रश्न विचारेल? दोन चिठ्ठ्यांमागे तोच प्रश्न आला तर त्यातली एक फालतू आहे. आणि दर चिठ्ठीने आधीच्या एखाद्या गोष्टीचा अर्थ बदलला पाहिजे. पाचव्या चिठ्ठीनंतर वाढदिवसाचे सगळे प्रसंग मागे जाऊन बघावेसे वाटतात: सुधा केक कापताना कुणाचा वाढदिवस साजरा करत होती?

सावधान: आत्या किंवा मावशीच खरी आई, हा तर्क वाचक पहिल्या पाच प्रकरणांत करतोच. तो तुमचा शेवट असेल तर शेवट बदला. नसेल, तर तो तर्क वाचकाला मुद्दाम करू द्या आणि मध्यावर मोडा.

## टप्पा ७: खुणा पेरणं

इथून खरं लेखन. खूण लपवायची नाही. उघड्यावर ठेवायची आणि शेजारी पटेल असं खोटं स्पष्टीकरण ठेवायचं. कार्डाचा प्रसंग असा काहीसा:

"कार्डाची घडी पडलेल्या जागी शाई फिकट झाली होती. मार्च, ३.० किलो. एप्रिल, मे, बीसीजीचा शिक्का, कुणीतरी पेन्सिलीने काढलेलं फूल. जुलै, ६.१. मग दोन रकाने कोरे आणि ऑक्टोबर, ५.३. 'जुलाब लागले होते तुला, बदलीच्या धावपळीत,' आई म्हणाली. 'अगदी काडी झाली होतीस.' तिने कार्ड माझ्या हातातून घेतलं आणि फुलावरून बोट फिरवलं."

वाचक आकडा बघतो, जुलाबाचं ऐकतो आणि पेन्सिलीच्या फुलाकडे वळतो. सात महिन्यांच्या बाळाचं वजन चार महिन्यांच्या बाळापेक्षा कमी, हे डोळ्यांसमोर असूनही निसटतं. एकाच ओळीत चार-पाच तपशील असतील तर खूण मधोमध ठेवा. परिच्छेदाच्या शेवटी ठेवलेली खूण ओरडते.

दुसरी खूण घरातल्या थट्टेत लपवा. "आमची नंदू सगळ्यातच उशिरा. सोळाव्या महिन्यात चालली!" जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मापदंडांप्रमाणे बाळं साधारण ८ ते साडेसतरा महिन्यांच्या दरम्यान आधाराविना चालू लागतात, तेव्हा डॉक्टर वाचकालाही यात खटकणार नाही. ती प्रत्यक्षात बाराव्या महिन्यात चालली होती. हे वाचकाने पुस्तक मिटल्यावर बोटं मोजून काढावं. तुम्ही सांगू नका.

एकाच खुणेवर उलगडा उभा करू नका, आणि दोन खुणा एकाच प्रकरणात ठेवू नका. चकव्यांनाही कष्ट घ्या: चकवा खोटा ठरला तरी त्यातून एखाद्या पात्राबद्दल खरं काहीतरी कळायला हवं.

## टप्पा ८: दत्तक माणसांना माणसं ठेवा

हे वाचणाऱ्यांत दत्तक गेलेली, दत्तक घेतलेली, मूल दिलेली माणसं असतील. "शेवटी रक्त वेगळंच" या पायावर खुनी उभा करणं आळशीपणाचं आहे आणि खोटंही. जन्मदात्री एकतर देवी किंवा पैसे उकळणारी, याखेरीज तिसरी कुणी दिसत नाही. तिला नोकरी द्या, गुडघेदुखी द्या, नंदिताला भेटायची इच्छाच नसू द्या. आणि सत्य कळल्याबरोबर नायिका सुधाला "सुधाबाई" म्हणायला लागत नाही. ती आईच म्हणते, कदाचित त्या शब्दावर अडखळते.

आपण कुठून आलो हे माहीत नसल्याने येणाऱ्या गोंधळाला मानसशास्त्रज्ञ एच. जे. सँट्स यांनी १९६४ च्या लेखात वंशाविषयीचा संभ्रम अशा अर्थाचं नाव दिलं होतं. तो संभ्रम दाखवायचा तर रडारड नको. डॉक्टरच्या फॉर्मवर "घरात कुणाला मधुमेह?" या ओळीपाशी पेन थांबू द्या.

## टप्पा ९: कबुलीचा प्रसंग

सर्वांत जास्त पुनर्लेखन इथे लागतं. नेहमीची चूक म्हणजे सहा पानी स्वगत: कबूल करणारी व्यक्ती खिडकीबाहेर बघत सत्याची वही वाचून दाखवते. त्यावर उपाय असे.

नायिकेला तीन चतुर्थांश सत्य या प्रसंगाआधी स्वतःच्या शोधातून कळलेलं असावं. कबुलीतून फक्त एक गोष्ट मिळावी, आणि ती नायिकेच्या अंदाजाच्या विरुद्ध असावी. नंदिता समजून आली आहे की मालतीने बाळाला मारलं. मालती बाळाची दुपटी घड्या घालतेय आणि म्हणते, "पोटावर झोपवलं की शांत झोपायची ती." एवढंच. पुढे दोघीही बोलत नाहीत. पालथं झोपवण्याविषयीचं वाक्य वाचकाने तिसऱ्या प्रकरणात, नंदिताच्या बाळाच्या डॉक्टरांकडे भिंतीवर वाचलेलं असलं पाहिजे. ते तिथे नसेल तर आत्ता परत जाऊन टाका.

तपासा: प्रसंगातली पहिली आणि शेवटची दहा वाक्यं खोडून बघा. बहुतेक वेळा काहीच बिघडत नाही.

## टप्पा १०: वाचून घेणं

ओळखीच्या तिघाचौघांना अख्खं हस्तलिखित एकदम देऊ नका. एक तृतीयांश द्या आणि "पुढे काय होणार, कुणावर संशय आहे" ते लेखी मागा. मग मध्यापर्यंत, मग सहावा हिस्सा राहील तिथपर्यंत. दत्तकाचा अंदाज पहिल्या थांब्याला सगळ्यांनी केला तर उत्तम. पाचव्या चिठ्ठीचा अंदाज तिथेच दोघांनी केला तर कार्डाचा प्रसंग मोठ्याने बोलतोय. आणि शेवटच्या थांब्यालाही कुणाच्याच मनात पहिल्या बाळाची शंका नसेल तर खुणा कमी पडल्यात, अशा शेवटाला वाचक "कुठून आलं हे?" म्हणतात आणि ते बरोबर असतात. "आवडलं" या शेऱ्याचा इथे काही उपयोग नाही.

कायद्याची पानं वकिलाला आणि दवाखान्याची पानं बालरोगतज्ज्ञाला वेगळी काढून द्या. त्यांना कथा सांगू नका, फक्त चूक विचारा. जमलं तर दत्तक गेलेल्या एका वाचकालाही द्या, आणि तो जिथे चिडला त्या जागेवर वाद न घालता खूण करा.

सगळ्यात शेवटी वही आणि हस्तलिखित शेजारी ठेवून फक्त तारखा, वयं आणि वजनं तपासायची एक वेगळी फेरी मारा, भाषेला हात न लावता. नंदिताचं वय कागदावर आणि प्रत्यक्षात चार महिन्यांनी वेगळं आहे, त्यामुळे "मी सहा महिन्यांची असताना" असं वाक्य जिथे येईल तिथे कुठल्या हिशोबाने, हे समासात लिहा.